कोंबडीच्या खाद्यात अळंबी: आधी हिशेब, मग जाहिरात

पनवेल, खालापूर, कर्जत, पेण या पट्ट्यात बॉयलर कोंबडीचा धंदा करणाऱ्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, हवेतला दमटपणा हटत नाही आणि शेडमधली भाताच्या तुसाची गादी कितीही चाळली तरी ओली राहते. ओल्या गादीतून अमोनिया उठतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, श्वास लागतो. रक्ती हगवणीचे जंतू याच ओलाव्याची वाट पाहत असतात. मक्याला लागणारी बुरशी खाद्यात अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते ते वेगळेच. अशा वेळी मर वाढू नये म्हणून खाद्यातून किंवा पाण्यातून थोडेसे प्रतिजैविक चालू ठेवायचे, ही देशभरातल्या कुक्कुटपालनाला जडलेली सवय आहे. आता या सवयीला पर्याय म्हणून अळंबीची भुकटी आणि अर्क पुढे केले जात आहेत. पर्याय चांगला आहे आणि त्याला संधी मिळायला हवी. मात्र ज्या कारणासाठी तो विकला जातो, म्हणजे तो ‘नैसर्गिक’ आहे म्हणून, त्या कारणासाठी तो मुळीच घेऊ नये. पक्ष्यांवर त्याचा परिणाम किती होतो, किलोमागे खर्च किती येतो आणि हा खर्च कोणाच्या खिशातून जातो, या तीन हिशेबांवरच त्याचा निकाल लागला पाहिजे.

नैसर्गिकपणाच्या युक्तिवादाविषयी इतकी कठोर भूमिका घेण्याला इतिहासाचा आधार आहे. १९४८च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत थॉमस ज्युक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना टाक्यांत उरणारा आंबवलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. जीवनसत्त्वाने होणाऱ्या वाढीपेक्षा ती वाढ जास्त होती आणि तिचे श्रेय चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाला होते. पुढच्या काही वर्षांत ‘वाढीसाठी प्रतिजैविक’ हा जगभरच्या पशुखाद्याचा नियम होऊन बसला. म्हणजे आज ज्याला आपण रासायनिक खोड म्हणतो, तिची सुरुवात मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने आंबवलेल्या उरल्यासुरल्या चोथ्यातून झाली. त्याहून नैसर्गिक ते काय असणार? आपल्या शेजारच्या पिंपरीत १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागलेले पेनिसिलीनही बुरशीचेच देणे. बुरशीकडून आले म्हणून एखादा पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही आणि उपयोगीही ठरत नाही.

त्या चोथ्याची किंमत जगाला कळायला बराच काळ लागला. आजारी पक्ष्याला पूर्ण मात्रेत पाच दिवस औषध देणे वेगळे, आणि हजारो निरोगी पक्ष्यांना पस्तीस-चाळीस दिवस रोज चिमूटभर देत राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. चीनमधल्या संशोधकांनी २०१५च्या अखेरीस कोलिस्टिनला दाद न देणारे एमसीआर-१ हे जनुक डुक्कर, मांस आणि माणसे या तिन्ही ठिकाणच्या जंतूंत सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा डॉक्टरांची झोप उडाली. कारण अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधे हरल्यावर हेच औषध हाती उरते. भारताने जुलै २०१९मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१४मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने राजधानी परिसरातल्या कोंबडीच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडल्याचे दाखवले होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मांस, अंडी, दूध यांतल्या प्रतिजैविकांविषयीची सुधारित बंधने १ एप्रिल २०२५पासून लागू झाली आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकातही वाढीसाठी प्रतिजैविके वापरू नयेत अशी शिफारस आहे, पण ती शिफारसच. दिशा स्पष्ट आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की चिमूटभर औषध काढून घेतल्यावर त्या जागी काय येणार.

इथे डेन्मार्कचा अनुभव फार उपयोगी पडतो आणि आपल्याकडच्या चर्चेत तो जवळपास कधीच येत नाही. तिथल्या बॉयलर उत्पादकांनी १९९८च्या सुरुवातीला वाढीसाठीची प्रतिजैविके स्वतःहून थांबवली. धंदा बुडेल अशी भाकिते होती. प्रत्यक्षात मर वाढली नाही, वजन घटले नाही; एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य मात्र किंचित वाढले, आणि औषधावरचा वाचलेला खर्च त्याची बरीचशी भरपाई करून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००३मध्ये या सगळ्याचा आढावा घेऊन हेच नोंदवले. युरोपीय संघाने २००६च्या १ जानेवारीपासून सर्वच वर्धक प्रतिजैविके बंद केली. याचा अर्थ असा, की स्वच्छ, कोरड्या, हवेशीर शेडमध्ये त्या औषधांचा फायदा मुळातच थोडा होता. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवर तर ही औषधे वाढीच्या दृष्टीने जवळपास काहीच करत नाहीत, हे १९६०च्या दशकातल्या प्रयोगांनीच दाखवले होते. औषध वाढ देत नव्हते, ते शेडमधली घाण झाकत होते. अळंबीला भरून काढायची आहे ती एवढी लहान खाच. म्हणून अळंबीकडून थोडीच अपेक्षा ठेवावी. आणि ‘वजन पंधरा टक्क्यांनी वाढेल’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याचे पोते दारातूनच परत पाठवावे.

थोडक्या अपेक्षेला अळंबी उतरते का? तिच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाच्या लांबलचक शर्करासाखळ्या असतात. कोंबडीचे पाचक रस त्या फारशा तोडू शकत नाहीत, त्यामुळे त्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतात. तिथे काही उपकारक जंतू त्यांवर पोसले जातात आणि दुसरीकडे आतड्याच्या भिंतीलगतच्या रक्षक पेशी या साखळ्यांना बुरशीची चाहूल समजून सावध होतात. ग्रीसमधल्या थेसाली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये बटण अळंबीची वाळवलेली भुकटी बॉयलरच्या खाद्यात किलोमागे १० आणि २० ग्रॅम घालून पाहिली. आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलस जातीच्या, म्हणजे दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांची संख्या वाढलेली दिसली. त्याआधी नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात शिताके आणि ट्रेमेला या अळंब्यांचे अर्क आणि एका चिनी वनौषधीचा अर्क यांची थेट प्रतिजैविकाशी तुलना झाली. तिघांत शिताके त्यातल्या त्यात उजवी ठरली, पण परिणाम मात्रेनुसार आणि पिल्लांच्या वयानुसार बदलत राहिला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात धान्यावर अळंबीचे बुरशीजाळे वाढवून ते धान्यच पक्ष्यांना घालण्याचे प्रयोग झाले, रक्ती हगवणीवरही झाले; तिथेही निकाल एकसारखे नाहीत. एकंदरीत पुरावा अनुकूल आहे, पण नाजूक आहे. बहुतेक प्रयोग मोजक्या पक्ष्यांवर, नीटनेटक्या संशोधन-शेडमध्ये झालेले आहेत, आणि त्यांतला एकही कोकणातल्या आषाढात झालेला नाही.

काही दावे तर लगेच बाजूला काढता येतात. अळंबीत ड जीवनसत्त्व असते, म्हणून कोंबडीची हाडे आणि अंड्याचे कवच बळकट होते, असे सांगितले जाते. अळंबीत असते ते ड-२, आणि कोंबडीचे शरीर ड-२चा उपयोग ड-३च्या मानाने फारच कमी करून घेते, ही पोषणशास्त्रातली अनेक दशकांची जुनी गोष्ट आहे. माणसासाठीचे पत्रक उचलून कोंबडीच्या पोत्यावर छापले की असे होते. बीटा-ग्लुकान ओळखणारा जो ग्राहक-रेणू माणसात आणि उंदरात नीट अभ्यासला गेला आहे, त्याचे जनुक कोंबडीत सापडलेले नाही. तरीही तिच्या पेशी या साखळ्यांना प्रतिसाद देतात, म्हणजे वाट वेगळी असणार. सस्तन प्राण्यांवरचे निष्कर्ष पक्ष्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

आता पैशांचा हिशेब. सगळी मेख इथेच आहे. दोन किलोचा बॉयलर तयार होईपर्यंत साधारण सव्वातीन किलो खाद्य खातो. ग्रीक प्रयोगातली वरची मात्रा, किलोमागे २० ग्रॅम, धरली तर एका पक्ष्याच्या पोटात सुमारे ६५ ग्रॅम वाळलेली अळंबी जायला हवी. अळंबीत नव्वद टक्के पाणी असते. म्हणजे एका पक्ष्यामागे साडेसहाशे ग्रॅम ओली अळंबी. पाच हजार पक्ष्यांच्या एका शेडला एका बॅचमध्ये सव्वातीन टन. ओल्या धिंगरी (ऑयस्टर) अळंबीचा किलोचा भाव जिवंत बॉयलरच्या फार्मवरच्या किलोच्या भावापेक्षा सहसा जास्तच असतो, तेव्हा नुसत्या अळंबीवर पक्ष्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा उडाला. वाळवण्याचे वीजबिल अजून धरलेलेच नाही. चांगली, विकण्याजोगी अळंबी कोंबडीला घालणे हा धंद्याच्या भाषेत शुद्ध वेडेपणा आहे. किलोला एक-दोन ग्रॅम पुरणारे अर्क आहेत, पण अर्क काढायला गरम पाण्याच्या टाक्या, अल्कोहोल, वाळवणी यंत्रे लागतात आणि बाजारातल्या अर्कात नेमके बीटा-ग्लुकान किती हे पोत्यावर क्वचितच छापलेले असते. बऱ्याचदा ‘एकूण शर्करा’ एवढाच आकडा असतो, आणि धान्याचे पीठ मिसळले तरी तो आकडा फुगतो.

परवडणारी वाट एकच दिसते: माणसे खात नाहीत तो भाग. चीनमध्ये एनोकी अळंबीचे कापून टाकलेले देठ कोंबड्यांना, विशेषतः अंड्यांच्या कोंबड्यांना, घालण्याचे प्रयोग गेल्या काही वर्षांत झाले आहेत, ते याच विचाराने. आपल्याकडेही कच्चा माल आहे. कर्जत-पनवेलच्या भातशेतीचा पेंढा आहे, त्यावर धिंगरी वाढवणारे बचत गट आणि छोटे उद्योजक आहेत, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. धिंगरीचे चिवट बुडखे विक्रीपूर्वी छाटले जातातच. ते वाळवून दळले तर खाद्यात घालण्याजोगी भुकटी मिळेल आणि धिंगरीवाल्यालाही दोन पैसे सुटतील. पण इथेही ‘नैसर्गिक’ शब्दाने डोळे दिपू देऊ नयेत. पेंढा निर्जंतुक करण्याची आपल्याकडे सर्वांत रूढ आणि स्वस्त पद्धत म्हणजे शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि सव्वाशे मिलिलिटर फॉर्मेलिन टाकून त्यात पेंढा सोळा-अठरा तास बुडवून ठेवणे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे. बुडखा पेंढ्याला चिकटूनच वाढतो, त्यामुळे अंश उरलाच तर तो आधी तिथे शोधायला हवा. शिवाय अळंबी कॅडमियमसारखे जड धातू आपल्या वाढीच्या माध्यमातून ओढून घेते. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने कासाडी नदीचे काय केले आणि ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत कसे गेले, हे पनवेलकरांना सांगायला नको. त्या पाण्याच्या आसपासचा पेंढा, त्यावरची अळंबी, तिचे देठ, ते खाणारी कोंबडी, ही साखळी तपासल्याशिवाय चालू करणे म्हणजे प्रतिजैविक काढून धातू घालणे. वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात पेंढा निर्जंतुक करणाऱ्यांचाच माल घ्यावा आणि प्रत्येक खेपेची चाचणी करावी, एवढी अट तरी पहिल्या दिवसापासून हवी.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे: खाद्य आमच्या हातात आहेच कुठे? या पट्ट्यातले बरेचसे बॉयलर करारावर वाढतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध आणि लस कंपनीची, सुपरवायझर कंपनीचा. शेतकऱ्याची शेड, वीज, तूस आणि मजुरी; कंपनीने तयार पक्षी उचलून नेले की किलोमागे काही रुपये वाढणावळ त्याच्या खात्यावर. खाद्याचे पोते शिवलेले येते आणि त्यात काय आहे हे त्याला बहुधा माहीत नसते. मर वाढली किंवा एफसीआर, म्हणजे एक किलो वजनासाठी लागणाऱ्या खाद्याचे प्रमाण, बिघडला तर कापला जातो तो मात्र त्याचा दर. अशा माणसाला ‘प्रतिजैविके सोडा, अळंबी वापरा’ असे प्रबोधन करणे हा वेळेचा अपव्यय आहे, खरे तर थट्टाच आहे. निर्णय खाद्याचे सूत्र लिहिणाऱ्या कंपनीच्या आहारतज्ज्ञाकडे आहे, म्हणून पुरावा, खर्च आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्याच टेबलावर गेल्या पाहिजेत. त्यासाठी फार मोठा कायदा लागत नाही. पोत्यावर घटकांची पूर्ण यादी मराठीत छापणे, त्यात प्रत्येक औषधी द्रव्य आणि प्रत्येक पूरक द्रव्य मात्रेसह लिहिणे सक्तीचे केले, तरी चित्र बरेच बदलेल. आणि नवे पूरक द्रव्य कंपनीने आणले असेल, तर त्या बॅचचा एफसीआर बिघडल्याचा भुर्दंड शेतकऱ्याच्या वाढणावळीतून कापता कामा नये, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. प्रयोग ज्याचा, धोका त्याचा.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो. औषधांना न जुमानणारे जंतू निर्माण होतात ते माणसांनी चिठ्ठीशिवाय गोळ्या गिळल्यामुळे, मग कोंबडीवर का घसरता? माणसांचा दोष मोठा आहे यात शंका नाही. पण एक खिडकी उघडी आहे म्हणून दार उघडे ठेवायचे का? शिवाय कोंबडीच्या शेडमधून जंतू फक्त ताटातून घरी येत नाहीत. रस्सा नीट उकळला तर जंतू मरतातच. आपल्या स्वयंपाकाची ती जमेची बाजू. मात्र शेडमध्ये गादी उलटणारा मजूर, कत्तलखान्यात पंख उपटणारा कामगार आणि शेतात कोंबडीखत पसरणारी बाई यांच्या हातांना कुकरची शिट्टी वाचवत नाही. हेच खत भाज्यांच्या वाफ्यांत आणि आंब्याच्या आळ्यांत जाते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनेच २०१७मध्ये उत्तरेतल्या १२ कोंबडीफार्मवरची गादी तपासली, तेव्हा तिच्यात अनेक औषधांना न जुमानणारे जंतू सापडले होते. महाराष्ट्राची अशी पाहणी त्यात नव्हती, आणि ती करायला कोणी अडवलेलेही नाही.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे: शेड सुधारली की औषध लागतच नाही, मग अळंबी तरी कशाला? तर्क म्हणून हे बरोबर आहे, आणि डेन्मार्कचा दाखला वर दिलाच आहे. पण डेन्मार्कच्या शेड बंदिस्त, तापमान राखलेल्या असतात. आपल्या बहुतेक शेड जाळीच्या, पत्र्याच्या, पडदे लावलेल्या. त्यांत पंखे, पाण्याची गळती न होणारी निपल आणि उंच जोते एवढे केले तरी गादी बरीच कोरडी राहते, आणि अळंबीवर रुपया घालण्याआधी तो रुपया इथे घालावा, असेच कुठलाही प्रामाणिक पशुवैद्य सांगेल. पण सुधारलेल्या शेडमध्येही आषाढ-श्रावणातली हवा कोरडी करता येत नाही. उरलेला तो ताण कमी करायला आतड्याची ताकद वाढवणारे एखादे द्रव्य उपयोगी पडू शकते. मानमोडी आणि गंबोरो या रोगांच्या लसी, रक्ती हगवणीवरची नेहमीची औषधे यांची जागा मात्र ते घेणार नाही. बर्ड फ्लूची तर गोष्टच काढू नये. २००६मध्ये नवापूरला आला तेव्हा आणि २०२५च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला आला तेव्हाही उपाय एकच होता, बाधित क्षेत्रातले पक्षी मारून पुरणे. प्रतिकारशक्ती वाढवणारी भुकटी खपवायला अशी भीती फार सोयीची असते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

मग करायचे काय, तर चाचणी. आणि ती इथेच. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६पासूनची परंपरा आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे भाताचे आणि पेंढ्याचे ज्ञान आहे, पुण्याकडे अळंबीचे. पनवेल-कर्जतमधल्या करारावरच्या दहा-बारा शेड घ्याव्यात, प्रत्येक शेडचे मधोमध पडदा टाकून दोन भाग करावेत. एका भागाला वाढीच्या औषधाविना साधे खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य अधिक उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या पेंढ्यावरच्या धिंगरीच्या बुडख्यांची भुकटी. पिल्ले एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली. वजन, मर, एफसीआर, पायांच्या तळव्यांवरचे व्रण, गादीतला ओलावा आणि तिच्यातल्या जंतूंची औषधांना दाद, एवढे मोजावे. निदान एक बॅच जूनच्या अखेरीस सुरू व्हावी आणि एक डिसेंबरात, कारण हिवाळ्यात चांगला दिसलेला परिणाम पावसाळ्यात टिकतो का हाच खरा प्रश्न आहे. नुकसान झाले तर शेतकऱ्याला ठरलेली वाढणावळ पूर्ण मिळेल, याची हमी कंपनी आणि सरकार यांनी मिळून आधीच लेखी द्यावी. आणि निकाल ‘काही फरक पडला नाही’ असा आला, तरी तो आकड्यांसह छापावा. पूरक द्रव्यांच्या बाजारात सगळ्यात दुर्मीळ माल तोच आहे.